खोलीचं आडनाव

कस्तुराबाई बिरादारांनी सोनकांबळे आडनावाच्या माणसाला खोली दिली. लातूरच्या ट्यूशन एरियात, ऐन जून महिन्यात, दिरासमोर, चावी हातात ठेवून दिली.

आता हे झालंच नाही असं धरून पुढं वाचायचं. मीही तसंच धरून चाललोय. आम्हाला तशी लेखी सूचना आहे.

माझं नाव रविकांत सोनकांबळे, राहणार मुखेड, शिक्षण नांदेडला एम.एस.डब्ल्यू. खोली मला दिली नव्हती. पंढरी इंगोलेला दिली होती. पंढरी उमरीकडचा, घरी चांगली कोरडवाहू जमीन, दारात दोन बैल आणि मारुतीवर श्रद्धा. पण त्या दिवशी तो सोनकांबळे होता आणि मी देशमुख होतो. हे जरा सावकाश सांगतो.

दिल्लीची एक संस्था होती, तिच्यामागं परदेशातलं एक विद्यापीठ होतं, आणि त्याच्यामागं कोण होतं हे आम्ही विचारायचं नव्हतं. खोली मागणाऱ्याचं आडनाव बदललं की घरमालकाचं उत्तर बदलतं का, हे त्यांना शोधायचं होतं. मुखेडच्या स्टँडवर कुणालाही विचारलं असतं तर त्यानं तंबाखू मळता मळता सांगितलं असतं. पण असं फुकट कळलेलं विज्ञानात धरत नाहीत.

म्हणून आम्ही दोघं. एकाच वयाचे, एकाच उंचीचे, संस्थेनं दिलेले फिकट निळे शर्ट. वाक्यंसुद्धा तीच, पाठ केलेली: "बँकेच्या परीक्षेची तयारी करतो, एकटाच आहे, मित्र आणत नाही." बरोबर अभ्यासिकेचं एक कार्ड, संस्थेनंच छापलेलं, तशी अभ्यासिका लातुरात नाही. फरक फक्त आडनावाचा. घरमालक हो म्हणाला तर दुसऱ्या दिवशी फोन करून "दुसरीकडं जागा मिळाली" म्हणायचं आणि नंबर बंद.

कामावर घेताना आमच्याकडून चौदा पानांवर सह्या घेतल्या. आम्हाला काही इजा झाली, मनाला लागलं, तर कुणाला फोन करायचा तेही त्यात होतं. मी आमच्या वर्षाराणी मॅडमना विचारलं, त्या नांदेडच्या ऑफिसात काम बघायच्या, "मॅडम, घरमालकांची सही कुठं घ्यायची?"

"त्यांची नाही घ्यायची. त्यांना सांगितलं तर ते चांगले वागतील."

"मग बरंच आहे की."

"रविकांत, ते चांगले वागले तर खरं कसं कळणार?"

म्हटलं, असेल, आणि पुढच्या पानावर सही केली. शिवाय घरमालकांच्या संमतीची गरज नाही, याला दिल्लीच्या समितीतल्या सात जणांनी संमती दिली होती. घरमालकांच्या वतीनं त्यांनी पुष्कळ विचार केला असणार.

कुणी कोण व्हायचं ते कॉम्प्युटरनं ठरवलं. बौद्ध नाव कोणतं ठेवावं असं प्रयोग चालवणाऱ्या सरांनी विचारलं, तेव्हा आळसात मी माझंच आडनाव सांगितलं होतं. ते पंढरीला लागलं. तो धम्मानंद सोनकांबळे झाला, मी बालाजी देशमुख. सर कायम दिल्लीहून लॅपटॉपवरच असायचे, फक्त मानेपर्यंत. मी त्यांना म्हणालो, "सर, उलटं झालंय."

सर म्हणाले, "उलटं असं काही नसतं. रँडम असतं."

लातुरात चाळीस घरं होती. देशमुखाचं काय झालं ते आधी सांगतो, कारण ते सांगायला बरं वाटतं. चाळीसपैकी एकोणतीस घरांनी खोली दिली. बहुतेकांनी चहा दिला. एका आजोबांनी "कुठले देशमुख?" विचारून माझं कूळ स्वतःच शोधून काढलं आणि मला दूरचा भाचा केलं. तिसऱ्या दिवसापासून मी दारात चप्पल काढायच्या आधी आत कुठं बसायचं ते बघायला लागलो. सवय लवकर लागते. मनाला लागलं तर ज्या नंबरवर फोन करायचा होता, त्यावर मी हे कळवलं नाही.

सोनकांबळेला सतरा घरांनी "कळवतो" म्हटलं. चौदा घरांतली खोली कालच गेली होती. मी दुसऱ्या दिवशी गेलो की ती परत आलेली असायची. आठ घरांनी देवघराचं, वास येण्याचं किंवा आईच्या बीपीचं कारण सांगितलं.

पंढरी दहाव्या घरानंतर नालीच्या कट्ट्यावर बसला. त्याचं तोंड सुकलं होतं.

"रव्या, लोक लई बेकार हैत."

"हाव का?"

"पाणी सुद्धा विचारलं न्हाई बे. तुमच्या लोकांनी हे कसं काढलं इतके दिवस?"

"आम्हाला शर्ट दिले नव्हते. आम्ही आपल्या शर्टातच काढलं."

त्यानं आपल्या निळ्या शर्टाकडं बघितलं. मग म्हणाला, "आमच्या घरी पण वरची खोली हाय. मागल्या साली एक मास्तर आलता बघायला. बापानं कळवतो म्हणून सांगितलं." मी विचारलं, कळवलं का? तो उठला आणि अकराव्या घराकडं निघाला.

सदतिसावं घर कस्तुराबाईंचं. कागदावर त्यांना एल-सदतीस म्हणायचे. बाई एकट्या, नवरा वारलेला, गावाकडं शेत वाट्यानं दिलेलं. घरामागं जिन्याखाली एक खोली, आणि समोरच्या घरात दीर शेषेराव, दिवसभर खुर्ची टाकून बाईंच्या दारावर नजर ठेवून. इथं कॉम्प्युटरनं मला आधी पाठवलं होतं. मी देशमुख म्हणून गेलो तेव्हा त्यांनी होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे नाही म्हणालो. चार दिवसांनी, आठ जूनला सकाळी अकराला, पंढरी गेला.

पुढचं त्यानं मला सांगितलं. बाईंनी नाव विचारलं, त्यानं सांगितलं. एवढ्यात समोरून दीर उठून आले आणि म्हणाले, "वहिनी, जरा इचार करा. गल्लीत राहायचंय आपल्याला."

बाई म्हणाल्या, "भावजी, भाडं तुम्ही भरणार का? न्हाई ना? मग माझ्या खोलीचं आडनाव मी ठरवीन."

आणि कमरेची चावी काढून पंढरीच्या हातावर ठेवली.

आता आमच्या नियमावलीत इसार घेऊ नये, पावती घेऊ नये, फोटो काढू नये, सगळं होतं. चावीचं काही नव्हतं. दिल्लीत बहुतेक आधी करार होतो आणि मग चावी मिळते. आमच्याकडं चावी हातात ठेवली की तोच करार. आणि बाईमाणसानं चारचौघांत हातावर ठेवलेली वस्तू परत करणं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकणं, हे उमरीकडच्या शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. पंढरीनं चावी कपाळाला लावून खिशात घातली.

"मग काय करू, रव्या? बाई चावी देऊन राहिली, दीर दात खाऊन राहिला. मी काय म्हणू, सॉरी, हे फक्त विज्ञान हाय?"

मॅडमना सांगितलं. मॅडमनी सरांना सांगितलं. सरांनी मान हलवली, ती पडद्यावर अडकली, आणि अडकलेल्या मानेनं ते म्हणाले की हा अनपेक्षित प्रसंग आहे, समितीपुढं ठेवू, तोवर त्या घराशी कोणताही संपर्क करायचा नाही. नकाराचा फोनसुद्धा नाही. समितीची बैठक जुलैत होती. चावी पाकिटात घालून, पाकिटावर एल-सदतीस लिहून, नांदेडच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवली. सिमकार्ड काढून घेतलं.

म्हणजे खोली लातुरात, कुलूप लातुरात, आणि चावी नांदेडला कपाटात. बाईंकडं दुसरी चावी होती की नाही माहीत नाही. पण दिलेली खोली उघडून दुसऱ्याला दाखवणं त्यांच्यात बसत नव्हतं. त्यांनी दारावरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी काढून ठेवली.

इथपर्यंत मला त्याचं फार काही वाटलं नाही, हे कबूल करतो. मला वाटायला लागलं दिपालीमुळं.

दिपाली माझी धाकटी बहीण. डॉक्टरकीच्या परीक्षेत थोडक्यासाठी राहिली होती. लातूरच्या एका क्लासमध्ये परत बसणाऱ्यांच्या बॅचला तिचं नाव लागलं, बॅच बावीस जूनला सुरू. सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव आलं नाही. बाबा म्हणाले, "घरात बाईमाणूस असलेली खोली भेटली तर जा. न्हाईतर मुखेडला बी.ए. हाय की. बी.ए. कुठं पळून चाललंय." आमचे बाबा केरबा सोनकांबळे कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांचा शब्द हलत नाही.

आता लातुरातल्या घरमालकांची माझ्याइतकी माहिती महाराष्ट्रात कुणाला नव्हती. कोणत्या दारात सोनकांबळेला काय उत्तर मिळतं, ते माझ्याकडं तक्त्यात भरलेलं होतं. हिंडायचीसुद्धा गरज नव्हती. एकच घर होतं.

मी दिपालीला दुसराही मार्ग सुचवला. एकोणतीस घरं देशमुखाला तयार आहेत, तू देशमुखाची बहीण म्हणून राहा.

ती म्हणाली, "दादा, आणि आधार कार्ड मागितलं तर?"

"हरवलं म्हणायचं."

"आणि वर्षभर आईला फोनवर जयभीम कुठं म्हणायचं, बाथरूममध्ये? उद्या मी पास झाले तर गल्लीत पेढे कोणत्या आडनावानं वाटू?" मग तिनं दप्तर भरायला घेतलं. "तुझी ती खरी बाई हाय ना एक, तिच्याकडं चल. खरं सांगून बघू. एकदा तरी."

मी मॅडमकडं चावी मागितली. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी कपाटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, म्हणाल्या, "रविकांत, ती चावी आता डेटा आहे."

पंढरी बाहेर ऐकत होता. दुपारी मॅडम जेवायला गेल्यावर त्यानं पाकीट वाफेवर धरून उघडलं, चावी काढली, तिच्याजागी त्याच्या गाडीची जादा चावी घातली आणि पाकीट नीट चिकटवलं. "चावी हाय म्हटल्यावर झालं. कोणत्या कुलपाची हाय हे दिल्लीतून काय दिसणार." मी त्याला सोबत चल म्हणालो. तो म्हणाला, "न्हाई रे. त्या बाईपुढं मी उभा न्हाई राहू शकत. तू माझ्या वतीनं माफी माग. तू पण सोनकांबळेच हैस."

वीस जूनला सकाळच्या एसटीनं मी आणि दिपाली लातूरला उतरलो, आणि ऑटोनं कस्तुराबाईंच्या दारात. बाई उंबऱ्यात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"देशमुख ना तुम्ही? तुम्हाला तर चांगली जागा भेटली होती."

"मावशी, मी देशमुख नाही."

"मग?"

"सोनकांबळे."

"सोनकांबळे तर तो पोरगा. उंचापुरा. चावी घेऊन गेला अन् फोन बंद."

"तो इंगोले."

बाईंनी सूप खाली ठेवलं. "मग देशमुख कोण हाय?"

"कुणीच नाही."

त्या थोडा वेळ मोजणी करत असाव्यात. दोन पोरं, तीन आडनावं, एक खोली. मी खिशातून चावी काढून त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. दिल्ली, निळे शर्ट, चाळीस घरं, कपाट. सांगताना माझ्या लक्षात आलं की मराठीत सांगितलं की ते विज्ञान वाटत नाही, चहाडी वाटते.

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मला तपासायला आलता."

"तुम्हाला नाही, मावशी. लोकांना."

"मग लोकाच्या घरी जायचं होतं."

मी चावी थोडी पुढं सरकवली.

"बरं, काय निघालं माझं?"

"तुम्ही चांगल्या निघालात. चाळीस घरांत एकट्या."

"कुठं लिहिलंय?"

"कागदावर आहे. नाव लिहीत नाहीत. तुम्ही एल-सदतीस."

"मग चांगलं निघालं ते एल-सदतीस. मी कुठं." त्यांनी तुरीतला एक खडा काढून बाहेर टाकला. "बारा दिवस झाले. तीन पोरींचे बाप येऊन गेले, गेली म्हणून सांगितलं खोली. रोज दिवस मावळायला भावजी त्या खुर्चीतून विचारतेत, वहिनी, आला का तुमचा भाडेकरू. हे लिहिलंय का कागदावर?"

"त्याला रकाना नव्हता."

दिपाली इतका वेळ मागं उभी होती. ती पुढं आली आणि उंबऱ्याच्या खालच्या पायरीवर बसली. "मावशी, ह्याचं सोडा. हा असाच हाय. मला खोली पाहिजे. बावीस तारखेला माझा क्लास हाय. मी दिपाली सोनकांबळे, हे आधार कार्ड, ही क्लासची पावती. मी तपासायला आले न्हाई. मी राहायला आले."

बाईंनी कार्ड हातात घेतलं. फोटोकडं पाहिलं, दिपालीकडं पाहिलं. मला वाटलं, झालं. खरंच वाटलं. बाईंचा हात चावीकडं गेला होता.

मग त्या म्हणाल्या, "कार्ड त्या पोराकडं पण होतं, लेकरा. अभ्यासिकेचं."

"ते खोटं होतं."

"व्हय. आता म्हणताव तुम्ही." बाई चिडल्या नव्हत्या, दमल्यासारख्या वाटल्या. "तू खरी असशील. तुझ्याकडं बघून वाटतंय खरी हैस. पण त्याच्याकडं बघून पण वाटलं होतं. ह्याला तर मी चहा दिला दुधाचा. माझाच इतबार राहिला न्हाई मला. उद्या तू गेलीस अन् कोणी म्हणालं, ती पण तपासायला आलती, तर मी काय करू? ह्या गल्लीत मी एकदाच भांडू शकत होते. ते भांडण तुमच्या इंगोलेनं नेलं."

दिपाली म्हणाली, "मग मी काय करू?"

बाईंना उत्तर द्यायचं होतं, असं मला दिसलं. तेवढ्यात समोरून शेषेरावांचा आवाज आला. "वहिनी, कोण हाय?"

कस्तुराबाई उठल्या. कार्ड दिपालीच्या हातात दिलं, चावी उचलून कमरेला लावली, आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोणी न्हाई, भावजी. खोली बघायला आलते. कालच गेली म्हणून सांगितलं."

आमच्या तक्त्यात या उत्तरासाठी तयार रकाना होता. चौदा जणांचा.

मग हळू आवाजात आम्हाला म्हणाल्या, "आता भावजीच्या वळखीतला ठेवीन कोणी तरी. त्यांना सांगून टाकते आजच. पाणी पिऊन जा."

आम्ही पाणी प्यालो. मला वाटलं होतं दिपाली रस्त्यात रडेल. तिनं स्टँडवर भेळ घेतली, अर्धी मला दिली आणि म्हणाली, "दादा, त्या बाईनं तुला हाकलायला पाहिजे होतं. पाणी कशाला पाजलं?" मग आम्ही मुखेडच्या एसटीत बसलो. मागल्या वर्षीच्या नोट्स तिनं मांडीवर उघडून ठेवल्या होत्या. एकच पान, तीन तास.

मी ऑफिसला कबुली दिली. पंढरीचं नाव घेतलं नाही, चावी मीच चोरली म्हणालो, कारण सोनकांबळेनं चोरली हे दोन्ही बाजूंनी पटण्यासारखं होतं. मॅडमनी डोक्याला हात लावला. सरांनी बैठक घेतली. मला ओरडले नाहीत. ते म्हणाले, माझ्या भावना ते समजू शकतात, पण परवानगीशिवाय खुलासा केल्यामुळं एल-सदतीस दूषित झालंय आणि ते नमुन्यातून वगळावं लागेल. आता एकोणचाळीस घरं. सोनकांबळेला होकार, शून्य. सर थोडा वेळ त्या शून्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, खरं सांगायचं तर आता निष्कर्ष जास्त स्वच्छ दिसतोय.

मग ती लेखी सूचना आली: एल-सदतीस येथे कोणतीही भेट झाली नाही असे समजावे.

मला काढलं नाही. प्रशिक्षित देशमुख सहजासहजी मिळत नाही म्हणाले. पुढचा टप्पा नांदेडला आहे. पंढरीनं काम सोडलं. गावी जाऊन बापाशी वरच्या खोलीवरून भांडला आणि आता त्याच खोलीत एकटा झोपतो, असं कळलं. दिपालीनं मुखेडला बी.ए.ला प्रवेश घेतला. विषय निवडायचे होते, त्यात तिनं समाजशास्त्र सोडून बाकी सगळे बघितले. बाबा म्हणाले, मी म्हणलंच होतं, बी.ए. कुठं पळून जात न्हाई.

परवा मी चौदा पानं परत काढली. शेवटच्या पानावर लिहिलंय की प्रयोगात भाग घेतल्यानं कुणाला काही त्रास झाल्यास समितीकडं अर्ज करता येईल. भाग घेणाऱ्यानं करायचा की ज्याला घ्यायला लावला त्यानं, हे स्पष्ट नाही. म्हणून मीच केला. खाली नक्कल जोडतोय.

प्रति,
मा. अध्यक्ष,
नीतिविषयक समिती, दिल्ली.

विषय: एल-सदतीस पूर्ववत करणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, आपल्या समितीने संमतीची अट माफ केलेल्या प्रयोगादरम्यान लातूर येथील एका घरमालकीण बाईंचा माणसांवरील इतबार, गल्लीतील शब्द व एकदाच भांडण्याची ताकद, हे तिन्ही वापरण्यात आले असून, वापरापूर्वी बाईंना विचारण्यात आलेले नाही व वापरानंतर ते परत करण्यात आलेले नाहीत. सदर वस्तूंची नोंद आपल्या तक्त्यात कोठेही आढळत नाही. तरी मा. समितीने सदर बाईंना दिनांक आठ जून रोजी सकाळी अकरा वाजण्यापूर्वी त्या ज्या स्थितीत होत्या, त्या स्थितीत विनाविलंब परत आणून ठेवावे, आणि तसे केल्याचे लेखी पत्र अर्जदाराच्या बहिणीस, तिचा वर्ग सुरू होण्याच्या आत, म्हणजे गेल्या महिन्याच्या बावीस तारखेपूर्वी पोहोचेल अशा बेताने पाठवावे, ही नम्र विनंती.